कारणाचा रकाना

सोजरबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या केंद्राच्या दारात वाकून लोकांच्या चपला रांगेत लावत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, राहू द्या, आमची कामाची मुलगी लावेल." ती मान वर न करता म्हणाली, "कवा लावील? मानसं तोंडावर पडल्यावर?" आणि उरलेल्या चपला पायाने सरकवून आत गेली. मला ती त्याच क्षणी नावडली. पुण्यात तोडून बोलायचा हक्क आम्हा शनिवार पेठेतल्या लोकांचा. लातूरकडून येऊन वाघोलीत एका सोसायटीचे जिने पुसणाऱ्या बाईने तो असा सहज वापरावा, हे मला मुळीच खपलं नाही.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. शरयू माधव लवाटे, वय सहासष्ट. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत नोकरी, निवृत्त होताना अधीक्षक. त्या तेहतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही अर्ज रिकाम्या रकान्यासह पुढे गेला नाही. रकाना कोरा दिसला की मला शिंक अडकल्यासारखं होतं. निवृत्तीनंतर माझी सून दीपाली भीतभीत म्हणाली, "आई, मी नोकरीवर रुजू झाले की रोहनला दिवसा तुम्ही बघाल का?" रोहन तेव्हा सात महिन्यांचा होता. मी म्हटलं, "मी माझं पोर वाढवलं, तुमचं तुम्ही वाढवा. मी काही आया नाही." हे वाक्य मी पुढे वर्षभर हळदीकुंकवापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे मिरवलं. रोहन पाळणाघरात गेला. मग मलाच दुपारी करमेना, म्हणून वर्तमानपत्रातली एक छोटी सूचना वाचून मी स्वयंसेविका झाले. कशाची, तर नातवंडं वाढवणाऱ्या आज्यांना आधार देणाऱ्या कार्यक्रमाची. यातला विनोद मला कळला नाही. माझ्या ओळखीतल्या कुणालाच कळला नाही, कारण माझ्या ओळखीतले सगळे माझ्यासारखेच आहेत.

कार्यक्रमाचं नाव 'आजी अगेन'. हे नाव ठरवायला चार बैठका झाल्या होत्या म्हणे. पैसा हिंजवडीतल्या एका कंपनीचा होता. कंपनीचं नाव मी घेत नाही. ते त्यांनी आमच्या पाण्याच्या बाटल्यांपासून मुलांच्या टोप्यांपर्यंत पुरेसं छापून घेतलं आहे. कार्यक्रम चालवायची राजनंदिनी. तिशीतली, तागाची साडी, रुपयाएवढं कुंकू, आणि बोलताना दर तिसऱ्या शब्दाला हात छातीवर. मुलगी वाईट नव्हती. वाईट असती तर निदान काय करते आहे ते तिला ठाऊक असतं.

केंद्र म्हणजे वाघोलीत नगर रस्त्याच्या आतल्या बाजूला भाड्याने घेतलेला एक गाळा. मी मंगळवारी आणि शुक्रवारी मनपावरून बस धरून तिथे जायची. तेवीस आज्यांची नोंद होती. कुणाची मुलगी गेलेली, कुणाचा मुलगा दारूत, कुणाचे दोघेही ऊसतोडीला. गाळ्यात दोन पंखे आणि चार दिवे होते, तीन ते सहा मुलांना तिथे बसून अभ्यास करता यायचा. कार्यक्रमातली खरी उपयोगाची गोष्ट तेवढीच. आज्या त्या पंख्यांसाठी यायच्या आणि बाकीचं सगळं त्याचं भाडं समजून ऐकून घ्यायच्या.

बाकीचं म्हणजे सत्रं. दर शुक्रवारी एक समुपदेशक मुलगी गाडीतून यायची आणि उंटावरून शेळ्या हाकायची. स्वतःचं लग्न व्हायचं होतं, पण मुलं कशी वाढवावीत ते तिला पाठ होतं. एकदा तिने सांगितलं, "आजी, दिवसातून किमान वीस मिनिटं नातवंडाला क्वालिटी टाइम द्यायचा." सोजरबाई म्हणाली, "वीस मिन्टं? मंग बाकीचा दिस तिनं कुनाकडं जायचं?" दुसऱ्यांदा विषय होता स्पर्शाचा. सगळ्यांनी नातवंडाला मिठी मारून तीस आकडे मोजायचे. बावीस आज्यांनी लाजत मारली. सोजरबाई भिंतीला टेकून बसून राहिली. "तिला भूक लागलीया," ती म्हणाली. "मिठी मारून ती जायची न्हाई." समुपदेशक मुलीने वहीत लिहिलं, 'भावनिक अभिव्यक्ती कमी.' मीही मान डोलावली. मलाही वाटलं, बाई कोरडी आहे.

तिची नात पूर्वा, अकरा वर्षांची, पाचवीत. दोन घट्ट वेण्या, धुऊन धुऊन विरलेला पण इस्त्री केल्यासारखा घडीचा फ्रॉक, आणि अक्षर असं की माझ्या कचेरीतल्या कुणा कारकुनाचं नव्हतं. सोजरबाईला सहीपलीकडे लिहिता येत नसे, पण ती रोज सहाला आली की पूर्वाची वही हातात घेऊन पानं मोजायची. कालपेक्षा कमी भरली तर विचारायची, "आज हात दुखत व्हता का?"

आता त्या अर्जाचं. जुलैत सोजरबाईची नोंद मीच केली. नाव सोजरबाई ओव्हाळ. जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणे एक जानेवारी.

"नातीची आई?"

"माझी लेक, चंपा. वारली."

"वडील?"

"न्हाईत."

"म्हणजे वारले?"

"न्हाईत म्हनलं की."

मी लिहिलं, 'बेपत्ता.' काहीतरी लिहायलाच हवं होतं. मग शेवटचा रकाना आला, छायाचित्रास संमती.

"न्हाई," ती म्हणाली. "पोरीचा फोटो काडायचा न्हाई."

"कारण?"

"काडायचा न्हाई."

"अहो, पण इथे कारण विचारलंय. काय लिहू?"

"काय बी लिवू नका."

आजूबाजूला पंधरा बाया बसल्या होत्या. सोजरबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ओठ मिटले. मी पेन उघडं ठेवून थोडी थांबले, मग माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'अंधश्रद्धा. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते असा समज. समुपदेशनाने दूर होण्यासारखी.' ती अडाणी, खेड्यातली आणि 'त्यांच्यातली' आहे, एवढा पुरावा मला पुरला. 'त्यांच्यातली' हे मी कागदावर लिहिलं नाही, पण मनात होतं, आणि आज ते लपवण्यात अर्थ नाही. पुढे घरभेटीसाठी मी तिच्या खोलीत गेले तेव्हा पाहिलं: भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, समोर ताजी फुलं, आणि बाकी ना लिंबू ना मिरची, ना अंगारा ना गंडा. मी मात्र आजही शनिवारी नखं कापत नाही.

डिसेंबरात राजनंदिनीच्या लक्षात आलं की तेवीसपैकी एकोणीस आज्यांचा वाढदिवस एक जानेवारीला आहे. तिला तो दैवी योग वाटला. ज्यांना आपली जन्मतारीख माहीत नाही त्यांच्या आधार कार्डावर एक जानेवारी पडते, हे तिला मी समजावलं, तर ती हात छातीवर ठेवून म्हणाली, "काकू, हाऊ ब्यूटिफुल! म्हणजे सगळ्यांचा एकच जन्मदिवस." एक जानेवारीला एकोणीस आज्यांचा एकच केक आला. कंपनीचा फोटोग्राफर आला. त्याने राजनंदिनीला विचारलं, कुणाचे काढायचे नाहीत असे कुणी आहेत का? तिने अर्ज चाळले, माझी ओळ वाचली आणि म्हणाली, "एक आहे, पण सुपरस्टिशनचा इश्यू आहे. लांबून काढ." तिथे कारण कोरं असतं तर ती कदाचित थांबली असती. पण सरकारी अक्षरात कारण लिहिलेलं होतं, आणि ते दूर होण्यासारखं होतं.

जानेवारीच्या शेवटी वाघोलीच्या चौकात फ्लेक्स लागला. दहा फूट बाय सहा फूट. त्यावर सोजरबाई पदराने पूर्वाचं तोंड पुसते आहे आणि पूर्वा खळखळून हसते आहे. खाली मोठ्या अक्षरात, 'वात्सल्य', आणि त्याखाली, 'प्रत्येक मुलगी शाळेत, प्रत्येक आजी आनंदात', आणि त्याखाली कंपनीचं नाव आणि केंद्राचा पत्ता. खरं तर त्या क्षणी सोजरबाई म्हणत होती, "मेले, समदा फ्रॉक बरबटलास की." पण फ्लेक्सला आवाज नसतो.

तिने तो पहिल्याच दिवशी पाहिला. तडक केंद्रात आली. "ते काडा."

"आजी, किती गोड दिसताय तुम्ही!" राजनंदिनी म्हणाली.

"काडा म्हनलं."

"पंधरा दिवसांचं परमिशन आहे हो, नंतर काढणारच आहोत."

तेव्हा मी मध्ये पडले. मध्ये पडल्याशिवाय मला चैन कुठलं? मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि लहान मुलाला समजावतात तसं म्हटलं, "सोजरबाई, फोटोने काही होत नसतं. ते सगळं मनाचं असतं. आता विज्ञानाचं युग आहे." ती माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मला वाटलं, पटतंय. ती उठली आणि पूर्वाला घेऊन गेली.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी चारला एक माणूस आला. निळा गणवेश, खिशाला पेन, केसांना भरपूर तेल. म्हणाला, "मी सुदर्शन. बोर्डावर माझी पोरगी हाय." तो त्याच कंपनीची बस चालवायचा, ठेकेदाराकडून. राहायचा हिंजवडीपलीकडे माण गावात, आणि गेल्याच आठवड्यात त्याला वाघोलीची फेरी मिळाली होती. चौकात त्याची बस रोज अर्धा तास अडकायची, बरोबर फ्लेक्सखाली.

राजनंदिनीचे डोळे भरून आले. माझ्या अर्जात वडील 'बेपत्ता' होते, आणि बेपत्ता वडील पेन खिशाला लावून समोर उभे होते. तिने पेढे मागवले. सुदर्शनने आधार कार्ड दाखवलं, पूर्वाच्या जन्मदाखल्याची प्रत दाखवली. मी त्याच्याकडून रीतसर अर्ज भरून घेतला. 'मुलीशी नाते' या रकान्यात त्याने 'बाप' लिहिलं होतं. मी ते खोडून 'वडील' केलं.

पूर्वा कोपऱ्यात गणितं सोडवत होती. बापाला पाहून ती उभी राहिली, पण पुढे आली नाही. ती एकदाच म्हणाली, "आजी येऊ दे." मी म्हटलं, "अगं, बाबा आहेत तुझे. आजीला आम्ही सांगू." तिने वही माझ्याकडे दिली. दप्तर न्यायचं असतं हे तिला बापाने सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. राजनंदिनीने तिघांचा फोटो काढला. त्यात मी मध्ये आहे आणि माझ्या हातात पेढा आहे.

सहाला सोजरबाई आली. मी सगळं सांगितलं, अगदी मुद्देसूद. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"कुनी दिली?"

"मी... आम्ही. त्यांनी आधार कार्ड दाखवलं."

"तुमी किती शिकलाय, बाई?"

"बी. ए."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली.

आणि मग तिने, भर खोलीत, जे जुलैत बोलली नव्हती ते सगळं सांगितलं. चंपाला कावीळ झाली तेव्हा नवऱ्याने दवाखान्यात नेलं नाही. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माणसं जेवायला बसलेली असताना, तो पाच वर्षांच्या पूर्वाला सोजरबाईच्या मांडीवर टाकून निघून गेला. तीन वर्षांनी दुसरी बायको केली आणि 'शाळेत घालतो' म्हणून पोरीला घेऊन गेला. तीन महिन्यांनी सोजरबाई बघायला गेली तर पोर धुणं धुत होती, शाळेचं नावही घातलेलं नव्हतं. ती पूर्वाला तशीच घेऊन आली, आणि चंदननगरची खोली सोडून, पत्ता न ठेवता वाघोलीला आली. "आता त्याला पोरगं झालंय म्हनं," ती म्हणाली. "झुलवायला कोन पायजे की." वाढवायला आजी आणि न्यायला बाप. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि बिळाची वाट दाखवायला आम्ही दहा फुटी पाटी लावली होती.

ती त्याच संध्याकाळी, त्याच्या अर्जावरचा पत्ता घेऊन, माणला गेली. त्याने दारातूनच सांगितलं, बाप मी हाय, कायदा माझ्याकडं हाय. ती चौकीत गेली. तिथे विचारलं, पोरगी बापाकडे आहे, मग हरवली कशी? मंगळवारी मी राजनंदिनीला म्हटलं, काहीतरी करायला हवं. ती खरोखर कळवळली. म्हणाली, "काकू, मलाही गिल्टी वाटतंय. पण लीगली तो नॅचरल गार्डियन आहे. आणि रिपोर्टमध्ये आपण फॅमिली रीयुनियन दाखवून बसलोय." मग खालच्या आवाजात म्हणाली, "एक प्रॉब्लेम आहे. नातवंड सोबत नसेल तर आजी प्रोग्रॅममध्ये बसत नाही."

हे वाक्य माझ्याच कचेरीतलं होतं, फक्त मराठीत असायचं.

पुढच्या शुक्रवारी सोजरबाई केंद्रात आली ती बसली नाही. "सोमवारी सकाळी सातला मनपाच्या स्टॉपवर या," ती मला म्हणाली.

"कशाला?"

"तुमी दिली ना? तुमीच आनायला चला."

मी का गेले ते विचारू नका. धैर्य वगैरे काही नव्हतं. त्या बाईला 'नाही' म्हणायची हिंमत झाली नाही, एवढंच. ती वाघोलीहून पहिल्या बसने आली होती. काखेत फ्लेक्सची गुंडाळी आणि हातात दोन बांबू. तिच्या चाळीत कचरू नावाचा फ्लेक्स लावणारा राहायचा, त्याच्याकडून तिने तो उतरवून घेतला होता. हिंजवडीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजी, बांबूचं तिकीट कोण काढणार?" ती म्हणाली, "बांबू हुभा ऱ्हाईल. त्याला शीट नगं."

साडेआठला आम्ही कंपनीच्या फाटकासमोर उभ्या होतो. तिने एक बांबू माझ्या हातात दिला. आयुष्यात मी कधी मोर्चात गेले नाही. मोर्चेवाल्यांमुळे बस अडली की पत्र लिहिणाऱ्यांतली मी. त्या दिवशी इरकली साडी नेसून, पर्स खांद्याला अडकवून, मी दहा फुटी 'वात्सल्या'चं एक टोक धरून उभी राहिले. दुसरं टोक सोजरबाईकडे. एकामागून एक बसगाड्या येत होत्या, गळ्यात पट्टे अडकवलेली मुलंमुली उतरत होती आणि थांबून पाहत होती. फ्लेक्सवरची आजी आणि फ्लेक्स धरणारी आजी एकच आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. फोन वर झाले.

एका पोरीने विचारलं, "आजी, काय झालं?"

सोजरबाई ओरडली नाही. जिना पुसताना खालच्या मजल्यावर ऐकू जावं एवढ्याच आवाजात म्हणाली, "ही माझी नात. परत्येक मुलगी शाळंत, असं हितं लिवलंय म्हनं. ही शाळंत न्हाई. तुमच्या बशीचा डायवर हिचा बाप हाय. त्यानं हिला पोर झुलवायला घरी ठिवलीया. पाटी तुमचीच हाय ना?"

दहाव्या मिनिटाला आतून इंद्रजीत नावाचा एक साहेब धावत आला. बोलणं साखरेत घोळलेलं. आधी म्हणाला, आत बसून बोलू, चहा घेऊ. सोजरबाई म्हणाली, "चा नगं." मग म्हणाला, फ्लेक्स तरी गुंडाळू या. मग पोरांना म्हणाला, "गाईज, प्लीज व्हिडिओ डिलीट करा." पोरगी कुठे आहे, कशी आहे, जेवली का, हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही. त्याला फक्त त्या पाटीतून आपलं नाव सोडवायचं होतं. तेवढ्यात वाघोलीची बस आली आणि काचेतून सुदर्शनने सासूला पाहिलं. सहा वर्षं ज्याला पाझर फुटला नव्हता त्याला सकाळच्या गारव्यात घाम फुटला. साहेबाने ठेकेदाराला फोन लावला, ठेकेदाराने सुदर्शनला बाजूला घेतलं. बापाच्या हक्काचा कायदा ठेकेदाराच्या एका शिवीपुढे टिकला नाही. तो मोटरसायकल घेऊन माणला गेला.

तो यायच्या आत मी, तेहतीस वर्षांच्या नोकरीत जमला नव्हता असा, एक कामाचा कागद लिहिला. फाटकाजवळच्या चौकीदाराच्या स्टुलावर बसून. 'मुलगी कु. पूर्वा ही तिची आजी श्रीमती सोजरबाई ओव्हाळ यांच्याकडे राहण्यास व शिकण्यास माझी कायमची संमती आहे व मी तिला परत नेणार नाही.' दोन साक्षीदार, एक चौकीदार आणि दुसरा खुद्द तो साहेब. साहेबाला सही करायची नव्हती. मी म्हटलं, "मग आम्ही बांबू परत उचलतो." सुदर्शनने सही करताना कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी माझी भाकरी घालवताय व्हय?" सोजरबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

पूर्वा गाडीवरून उतरली तेव्हा तोच फ्रॉक अंगावर होता. वेण्या सुटलेल्या. मला वाटलं, आता तरी ही बाई पोरीला पोटाशी धरेल. तिने पूर्वाचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. बोटांची कातडी साबणाने सोलली होती.

"जेवलीस?"

"न्हाई."

सोजरबाईने पिशवीतून फडकं सोडलं. भाकरी, ठेचा आणि एक उकडलेलं अंडं. फुटपाथवर, शेकडो माणसांच्या पायांत, पूर्वा जेवली. सोजरबाई समोर उकिडवी बसून तिची वेणी घालत होती. तीस आकडे कुणी मोजत नव्हतं. मी बांबू धरून उभी होते आणि रडत होते, आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

हे सगळं इथे संपायला हरकत नव्हती. पण मंगळवारी सोजरबाई पूर्वाला घेऊन केंद्रात आली. राजनंदिनी धावत पुढे गेली. तिला आता या सगळ्याची यशकथा लिहायची होती. "आजी, तुम्ही तर आमच्या हीरो!" सोजरबाई तिला वळसा घालून माझ्या टेबलाशी आली.

"माझा कागुद द्या. नाव काडायचं हाय."

मी जुलैचा अर्ज काढून दिला. तिने तो पूर्वाला दिला. "वाच."

पूर्वा स्वच्छ आवाजात वाचत गेली. नाव. जन्मतारीख. आई मृत. 'वडील: बेपत्ता' वाचून ती क्षणभर थांबली, पुन्हा वाचू लागली. शेवटच्या रकान्यात एक अवघड शब्द होता, तो तिने जोडून जोडून वाचला. "अं-ध-श्रद्धा. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते असा समज."

खोलीत आज्या होत्या. कुणी हसलं नाही.

"हे कुनी लिवलं?" सोजरबाईने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"म्या तर काय बी लिवू नका म्हनले व्हते."

"हो."

"मंग रिकामं का न्हाई ठिवलं?"

सोजरबाईने अर्जाची घडी करून कमरेला खोचली. जाता जाता थांबली. पहिल्यांदाच तिने माझ्याबद्दल काही विचारलं.

"तुमाला नातवंड हाय का, बाई?"

"एक नातू आहे. तीन वर्षांचा."

"कोन सांबाळतं?"

"पाळणाघर."

तिने मान हलवली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर मी परत दिला असता, त्यात मी कमी नाही. ती अगदी मनापासून म्हणाली, "बरं हाय. वाचलं म्हनायचं लेकरू." आणि दारातल्या चपलांतून पूर्वाच्या चपला शोधून तिच्यापुढे ठेवल्या.

त्या गेल्यावर मला नाव कमी करण्याचा अर्ज भरावा लागला. तोही असतो आमच्याकडे. नाव, क्रमांक, तारीख, आणि खाली, 'कार्यक्रम सोडण्याचे कारण.' रकाना कोरा ठेवणं मला अजूनही जमत नाही. मी लिहिलं, 'श्रीमती शरयू माधव लवाटे, स्वयंसेविका.'

संध्याकाळी राजनंदिनीने कागद तपासले. "काकू, तुमचं नाव चुकून कारणात पडलंय."

"चुकून नाही," मी म्हटलं, आणि पर्स उचलून बस धरायला निघाले.